येरवड्याला नेण्याआधी

पुण्याहून आळंदी रोडनं विश्रांतवाडीकडे निघालं की चौकाच्या अलीकडे मनोरुग्णालयाचा कोपरा लागतो. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरतं. कुणाचं डोकं फिरलंय असं वाटलं की पुणेकर ‘याला येरवड्याला न्या’ म्हणतात, ते हे ठिकाण. 1915 सालापासून इथं असलेलं, अडीच हजारांवर खाटा मंजूर असलेलं प्रादेशिक मनोरुग्णालय. त्याच कोपऱ्याला, विश्रांतवाडी पोलीस ठाण्यासमोर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन आहे. जात पडताळणी, शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा प्रवेश अशा कामांसाठी अख्ख्या जिल्ह्यातली माणसं तिथं हेलपाटे घालतात. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय याच इमारतीत आहे, आणि तृतीयपंथी व्यक्तींची ओळखपत्रं, त्यांच्यासाठीच्या योजना हे जिल्ह्यातलं काम याच कार्यालयाकडे येतं.

घरातला मुलगा ‘मी मुलगी आहे’ म्हणाला, किंवा मुलगी ‘मला मुलीसारखं वाटतच नाही’ म्हणाली, की आईबापांना यांतली पहिली इमारत आठवते. दुसरी आठवेपर्यंत वर्षं गेलेली असतात, आणि पुष्कळदा मूलही घरातून गेलेलं असतं. ती वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितो आहे. मुख्यतः आईवडिलांसाठी, पण शेजारी, शिक्षक, आत्या-मावश्या यांनीही वाचायला हरकत नाही. बिघडवण्यात आणि सावरण्यात त्यांचा वाटा आईबापांपेक्षा फार कमी नसतो.

आजार कशाला म्हणायचं?

आधी शास्त्राचं सांगून टाकतो. जन्मवेळी शरीर पाहून मुलगा किंवा मुलगी असं ठरवलं जातं. बहुतेकांना ते आयुष्यभर पटतं. काहींना आतून पटत नाही, त्यांना पारलिंगी म्हणतात. सरकारी कागदावर तृतीयपंथी हा शब्द जास्त चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिनं ही बाब मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढली आणि लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. यादीत ठेवली ती उपचारांची दारं बंद होऊ नयेत म्हणून. आपल्याकडचा 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही हेच निराळ्या अंगानं सांगतो. समाजातल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक रूढींशी माणसाचं जमत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं त्याच्या तिसऱ्याच कलमात आहे.

दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. एक, आपण कोण आहोत हे वाटणं वेगळं आणि आपलं मन कुणावर जडतं ते वेगळं. पारलिंगी म्हणजे समलिंगी नव्हे. दोन, काहींच्या शरीराची घडणच जन्मतः सरळ एका खान्यात बसत नाही. त्यांना आंतरलिंगी म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांचं प्रकरण आठवत असेल. महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या या व्यक्तीनं 2017 मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्यानं आधी नाही म्हटलं, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी परवानगी मिळाली. 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि नोकरीही टिकली. त्यांच्या तपासणीत पुरुषाची गुणसूत्रं आढळली होती. बहुतेक पारलिंगी माणसांच्या तपासण्यांत असं काहीच सापडत नाही. म्हणून ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग हे नाटक आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

आजार होतो तो पुढे. झोप उडणं, भूक जाणं, सतत उदास असणं, अंगावर ब्लेडनं रेघा ओढून घेणं, जगून काय करू असं वाटणं, ही सगळी खरी दुखणी आहेत आणि त्यांना उपचार लागतात. पण ती उगवतात चिडवण्यातून, मार खाण्यातून, रोज लपवत जगण्यातून. उपचार दुखण्याचा करायचा, ओळखीचा नाही. या लेखातून एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल.

पाण्याची बाटली

घरात कुणी काही बोलायच्या आधी काही खुणा दिसतात. त्यातली एक सांगतो, कारण ती रोज आईच्या हातात येते आणि तरी निसटते. सातवी-आठवीतलं मूल शाळेतून येतं, दप्तरातून डबा निघतो, बाटली निघते. डबा रिकामा, बाटली सकाळी भरली होती तशीच गच्च. एक दिवस झालं तर विसरलं असेल. रोज तसंच असेल तर ते मूल दिवसभर पाणी पीत नाही, कारण त्याला शाळेच्या मुतारीत जायचं नाही. मुलांच्या मुतारीत त्याची चड्डी ओढली जाते, मुलींच्या दारावर ‘तू इकडं कशाला’ होतं. मग संध्याकाळी डोकं दुखतं, लघवीला जळजळतं. डॉक्टर लघवीच्या संसर्गाची गोळी देतात, बरं वाटतं, पंधरवड्यानं पुन्हा तेच. मूळ कुणी विचारत नाही.

दुसरी खूण आपल्या भाषेतच आहे. मराठीत ‘मी येते’ आणि ‘मी येतो’ यातून बोलणाऱ्याचं लिंग लगेच कळतं. काही मुलं लहानपणापासून उलटं बोलतात आणि मार खातात. मार खाल्ल्यावर काही जण दोन्ही टाळायला शिकतात. ‘जायचंय’, ‘जेवण झालं’, ‘उद्या परीक्षा आहे’. स्वतःला वगळून बोलणारं मूल आढळलं तर जरा कान द्या. मात्र लगेच शिक्काही मारू नका. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत बायका सर्रास ‘मी आलो’ म्हणतात, त्याचा या विषयाशी काडीचा संबंध नाही. तसंच बाहुलीशी खेळणारा प्रत्येक मुलगा पारलिंगी नसतो, क्रिकेट खेळणारी, केस बारीक ठेवणारी प्रत्येक मुलगीही नसते. पाहायचं ते दोन गोष्टींकडे: हे वाटणं वर्षानुवर्षं टिकतं का, आणि वयात येताना शरीर बदलू लागल्यावर मूल कासावीस होतं का. मिसरूड फुटल्यावर आरशासमोर रडणं, पाळी आल्यावर दिवसचे दिवस खोलीत कोंडून घेणं, कडक उन्हातही अंगावर जाड जर्किन ठेवणं. अशा वेळी काही ठरवण्याची घाई नको, पण ‘वयात आल्यावर सुटेल’ म्हणून डोळेझाकही नको.

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलायचं असेल तर मूल पारलिंगी आहे हे जाहीर करायची गरज नसते, आणि मुलाला न विचारता तर मुळीच करू नये. ‘याला मुतारीत त्रास होतो, मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं सोडा किंवा शिक्षकांची मुतारी वापरू द्या’ एवढी मागणी पुरते. चिडवणाऱ्यांची नावं तारखेसह वहीत लिहून ठेवा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी तक्रार शाळेत संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

मूल बोललं तर

पहिल्या पाच मिनिटांत काय बोलता हे मूल जन्मभर विसरत नाही. काही सुचलं नाही तर गप्प बसा, हात धरा, पाणी द्या. ‘मला यातलं फार कळत नाही, पण तू बोललास ते बरं झालं’ हे वाक्य कुठल्याही आईला, कुठल्याही बापाला जमण्यासारखं आहे. ‘बोललास’ म्हणू की ‘बोललीस’ असा गोंधळ झाला तर तेही विचारावं: ‘तुला कसं हाक मारू?’ सवय व्हायला वेळ लागतो, चुका होतात, आणि प्रामाणिक चूक मुलं सोडून देतात. खवचटपणा सोडत नाहीत.

हे मात्र त्या वेळी बोलू नका: ‘आम्ही काय कमी केलं?’ ‘मोबाइलमुळे झालंय.’ ‘बाबांना कळलं तर जीव घेतील.’ ‘तुझ्या बहिणीचं लग्न कसं होणार?’ यातलं शेवटचं सगळ्यात जड. आपली ओळख म्हणजे बहिणीच्या वाटेतला धोंडा, असं मुलाच्या मनात तिथं बसतं आणि काही मुलं स्वतःला वाटेतून दूर करायचा विचार करू लागतात.

तसा विचार चालू आहे अशी शंका आली तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं कल्पना डोक्यात घुसते हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं, फिनेल, ढेकूण मारायचं औषध, ब्लेड हे सगळं कुलपात ठेवा आणि 14416 वर फोन लावा. ही टेलि-मानसची सरकारी मदतवाहिनी आहे. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फोन आईनं केला तरी चालतो, मुलानं केला तरी चालतो. अठराच्या आतल्या मुलाला घरातच मारहाण होत असेल तर 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी.

नातेवाइकांना कधी सांगायचं? मूल म्हणेल तेव्हा आणि म्हणेल त्यालाच. आपल्याकडे घरातली गोष्ट आधी आत्याला कळते, मग वाड्याला, मग गावच्या जत्रेत. ती साखळी तुम्हीच तोडायची. कुणी खोदून विचारलंच तर ‘त्याचं तो बघेल, आम्ही त्याच्यासोबत आहोत’ हे उत्तर पुरे. बहुतेक नातेवाइकांना फक्त आईबाप डगमगलेत का हेच पाहायचं असतं, असं माझं मत आहे. ते डगमगलेले नाहीत असं दिसलं की निम्मे गप्प बसतात.

गौरी सावंत पुण्यातच वाढल्या. वडील पोलीस खात्यात होते. कोवळ्या वयात त्यांना घर सोडून मुंबई गाठावी लागली. पुढे 2000 मध्ये त्यांनी सखी चार चौघी ट्रस्ट उभा केला, तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या खटल्यात त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, राज्यात निवडणूकदूतही झाल्या. आज आपण कौतुकानं त्यांची भाषणं ऐकतो. पण घर सोडलेल्या सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. बहुतेकांच्या वाट्याला सिग्नल येतो.

भगत, जट, आणि लग्नाची गोळी

मनोरुग्णालय नाही, तर घरातला दुसरा मार्ग देवाचा. मुलगा बायकी चालतो म्हणजे यल्लमाचा कौल आहे, केसांत जट आली म्हणजे बोलावणं आलं, असं मानून सौंदत्तीला नेऊन मोती बांधून जोगता केलेली मुलं कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सीमाभाग इथं पिढ्यान् पिढ्या झाली. राजन गवस यांनी हे जग कादंबऱ्यांतून मांडलं आणि त्यावर आधारलेला ‘जोगवा’ 2009 मध्ये पडद्यावर आला. समाजाचं वागणं इथं मोठं मजेशीर आहे. परडी घेऊन दारात आलेल्या जोगत्याच्या पाया पडायचं, त्याचा भंडारा कपाळी लावायचा, पण त्याला भाड्यानं खोली द्यायची नाही. लग्नात, बारशात आशीर्वाद हवा, शेजार नको. अर्धनारीनटेश्वराची पूजा, अज्ञातवासातल्या बृहन्नडेची गोष्ट, सगळं आपल्याला पाठ असतं. ते घरात जन्मलं की मात्र विटाळ होतो.

जट हा न विंचरलेल्या, न धुतलेल्या केसांचा गुंता असतो. कापला की संपला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते कित्येक वर्षं तो कापून देतात. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला त्याच वर्षी हा कायदा झाला. ‘भगतानं केलं, आम्ही फक्त नेलं’ हा बचाव लंगडा आहे.

सगळ्यात घातक उपाय मात्र सुशिक्षित घरांतही चालतो: ‘लग्न लावून द्या, सुधारेल.’ लग्नानं कुणाची ओळख बदलत नाही. एकाच्या जागी दोन आयुष्यं नासतात, आणि दुसरं आयुष्य बहुधा काहीच माहीत नसलेल्या एका मुलीचं असतं. मुलगी पारलिंगी असेल तर तिच्यावर लग्नानंतर जी जबरदस्ती होते तिला कुणी जबरदस्ती म्हणतही नाही. स्थळं बघायला सुरुवात झाली असेल तर आजच थांबवा.

डॉक्टर कसा निवडावा?

‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ऑगस्ट 2022 मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की ओळख बदलण्याचे असले उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. मद्रास उच्च न्यायालयाच्या 2021 मधल्या एका निकालानंतर हे घडलं. तरीही गोळ्या, झटके, ‘पौरुष वाढवणारी’ इंजेक्शनं, ध्यानाची शिबिरं यांची दुकानदारी चालू आहे.

पहिल्या भेटीआधी दवाखान्यात फोन करून दोन प्रश्न विचारा. डॉक्टरांनी पारलिंगी मुलांना, तरुणांना आधी पाहिलं आहे का? उपचार कशाचा करणार, ओळखीचा की उदासीचा? दुसऱ्या प्रश्नाला अडखळले तर दुसरा डॉक्टर शोधा. खासगी फी परवडत नसेल तर ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे आणि मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. हो, तेच येरवडा. तिथं नाव नोंदवलं म्हणजे माणूस आत डांबला जातो ही भीती जुन्या काळातली आहे. रोज शेकडो माणसं तिथून गोळ्या घेऊन घरी जातात, त्यांत तुमच्या आमच्या सोसायटीतलेही असतील. डॉक्टरांशी झालेलं बोलणं गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्यानं बंधनकारक आहे, आणि लिंगावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही.

डॉक्टरकडे मुलाला एकट्याला आत बसू द्या. निदान निम्मा वेळ तरी. आई शेजारी बसून मुलाच्या वतीनं उत्तरं देते तेव्हा डॉक्टरला आईचा आजार कळतो.

संप्रेरकांच्या गोळ्या हा मुद्दा मुलं घरात काढत नाहीत, पण पुष्कळजण चोरून सुरू करतात. मेडिकलमधून आणलेल्या गर्भनिरोधक गोळ्या दिवसाला चार-चार घेणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे. त्यातून रक्ताच्या गाठी होऊ शकतात, यकृतावर ताण येतो, मन आणखी खचू शकतं. घरात अशी पाकिटं सापडली तर आरडाओरडा न करता ती घेऊन अंतःस्रावतज्ज्ञाकडे जा. हा रस्ता मनोविकारतज्ज्ञाच्या मूल्यमापनानं सुरू होतो, मग तपासण्या, मग मोजून दिलेली मात्रा. शस्त्रक्रिया प्रत्येकाला हवी असतेच असं नाही, आणि ती कुठल्या तरी खोलीत ‘निर्वाण’ म्हणून करून घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

आईबापांनाही कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. अशा पालकांनीच 2017 मध्ये सुरू केलेला ‘स्वीकार’ हा गट आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयांवर मराठीत सोपी पुस्तकं लिहिली. 2011 च्या डिसेंबरात पुण्यातली पहिली अभिमान पदयात्राही त्यांच्याच पुढाकारानं निघाली. इंग्रजी लेख वाचून गोंधळण्यापेक्षा आधी ती पुस्तकं वाचा.

सामाजिक न्याय भवनातलं काम

कागद झाले की निम्मी भांडणं आपोआप मिटतात. कॉलेजचा प्रवेश, बँकेचं खातं, भाडेकरार, सगळीकडे ‘हे तुम्हीच का?’ हा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 ला स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा ठरवलं. 2019 चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात आणि अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरता येतो. 2020 च्या नियमांत अर्ज आणि प्रतिज्ञापत्र यांवर काम होत होतं, वैद्यकीय तपासणी मागितली जात नव्हती. अठराच्या आतल्या मुलासाठी अर्ज पालकांनी करायचा. कायद्यात आणि नियमांत बदल होत असतात. म्हणून जुना व्हिडिओ पाहून सायबर कॅफेत पैसे भरण्याआधी भवनात जाऊन त्या दिवशी काय लागू आहे ते विचारा. आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो यांच्या झेरॉक्स आणि मूळ प्रती दोन्ही सोबत ठेवा.

नाव बदलायचं असेल तर ते राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. स्पेलिंग सगळ्या कागदांवर अक्षरशः एकच ठेवा. एका ‘ए’पायी वर्ष जातं. दाखल्यावरचं नाव बदलायला शाळा तयार नसेल, घरातून हाकलून दिलं असेल, तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बालकांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. एक गोष्ट 2019 च्या कायद्यातच लिहिलेली आहे: मूल तृतीयपंथी आहे म्हणून त्याला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईबापांपासून तोडता येत नाही, आणि घरात राहण्याचा त्याचा हक्क आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी ‘इथलं वातावरण’ वगैरे काढलं तर हे वाचून दाखवा.

‘पुढे हा करणार काय?’ हा बापाचा प्रश्न खरा आहे, त्याला हसून चालणार नाही. काही दारं उघडली आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील उच्च न्यायालयातून परवानगी आणून 2021 मध्ये ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. पोलीस भरतीत तृतीयपंथीयांना अर्ज करता यावा म्हणून आर्या पुजारी यांनी लढा दिला आणि डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयानं सरकारला तशी सोय करायला लावली. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं त्याच वर्षी तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि हरित पथकात कामावर घेतलं. दारं थोडी आहेत, रांग मोठी आहे. दहावी-बारावी पूर्ण झालेल्यालाच त्या रांगेत उभं राहता येतं, म्हणून शाळा सुटू न देणं हे आज आईबापांच्या हातातलं सगळ्यात मोठं काम आहे.

शेजाऱ्यांसाठी

एप्रिल 2024 मध्ये पुणे पोलिसांनी चौकाचौकांत तृतीयपंथीयांनी जबरदस्तीनं पैसे मागण्यावर बंदी घालणारा आदेश काढला. वाहनचालकांना त्रास होतो हे खोटं नाही, विश्रांतवाडीच्या चौकात आपण सगळ्यांनी काच वर केलेली आहे. पण सिग्नलवर टाळी वाजवणारी ती व्यक्ती एके काळी कुठल्या तरी शाळेत सातवीत होती. तिथून तिला कुणी उठवलं याबद्दल कुठलाच आदेश निघत नाही.

2011 च्या जनगणनेत देशभरात 4,87,803 जणांची नोंद ‘इतर’ या रकान्यात झाली, त्यांतले 40,891 महाराष्ट्रातले. लपून राहिलेले या आकड्यात नाहीत. तेव्हा आपल्या गल्लीत असं घर नाही असं समजू नका. त्या घरातली आई प्रतिज्ञापत्राचा कागद पदराखाली धरून भवनाच्या पायऱ्या चढत असेल आणि कुणी ओळखीचं दिसतंय का म्हणून मागे वळून पाहत असेल. ती दिसली तर तोंड फिरवू नका आणि चौकशाही करू नका. ‘वहिनी, मीही तिकडंच निघालोय, चला’ म्हणा आणि तिचा नंबर येईपर्यंत सोबत बसा.